पुराव्याची पत

छायाचित्र, ध्वनिफीत आणि चित्रफीत यांना आधुनिक समाजाने साक्षीदाराचा मान दिला. माणूस विसरतो, घाबरून जबाब फिरवतो, पैसे घेऊन खोटे बोलतो. यंत्राने टिपलेले मात्र जसेच्या तसे राहते, अशी त्यामागची धारणा. ती पूर्णपणे खरी कधीच नव्हती. सोव्हिएत संघात गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव्ह मर्जीतून उतरून मारला गेला, तेव्हा कालव्याकाठी स्टालिनशेजारी उभा असलेला येझोव्ह छायाचित्रातून पुसला गेला आणि त्या जागी पाणी दाखवण्यात आले. पण अशा कामाला कसबी कारागीर, निवांत वेळ आणि पाठीशी सत्ता लागे. बनावट पुरावा महाग होता म्हणून विरळा होता, आणि तो विरळा होता म्हणूनच खऱ्या पुराव्याची पत टिकून होती. कृत्रिम बुद्धिमत्तेने हा खर्च जवळजवळ शून्यावर आणला आहे. माहितीवरच्या विश्वासाचे सगळेच प्रश्न काही या एका बदलातून निघालेले नाहीत, पण त्यातले बरेचसे त्यामुळे तीव्र झाले आहेत.

इयान गुडफेलो आणि मॉन्ट्रियल विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक पद्धत मांडली. तिच्यात संगणकातली दोन जाळी (न्यूरल नेटवर्क) एकमेकांसमोर उभी केली जातात. एक चित्र तयार करते, दुसरे ते खरे की बनावट हे ओळखते. पकडले गेले की पहिले सुधारते. ते सुधारले की दुसऱ्याला आणखी बारकाईने पाहावे लागते. असंख्य फेऱ्यांनंतर बनवणारे जाळे इतके तयार होते की कधीही न जन्मलेल्या माणसाचा चेहरा ते हुबेहूब काढू शकते. २०१७ च्या अखेरीस एकाच्या शरीरावर दुसऱ्याचा चेहरा बसवणाऱ्या चित्रफितींसाठी ‘डीपफेक’ हा शब्द रूढ झाला. पुढे आणखी एक पद्धत आली: खऱ्या चित्रावर थोडेथोडे ठिपके पसरत जाऊन ते पार पुसून टाकायचे, आणि त्या ठिपक्यांमधून चित्र परत कसे काढायचे हे यंत्राला शिकवायचे. वाक्य लिहिले की चित्र काढून देणारी, २०२२ मध्ये लोकांच्या हाती आलेली साधने प्रामुख्याने या पद्धतीवर चालतात. आवाजाच्या बाबतीतही प्रगती वेगाने झाली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये दाखवलेल्या प्रणालीला एखाद्याचा आवाज उचलायला तीन सेकंदांचा नमुना पुरत होता. लग्नाच्या व्हिडिओत किंवा वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये याहून कितीतरी जास्त आवाज सहज सापडतो.

नीट पाहिले तर बनावट ओळखू येते, असा बहुतेकांना भरवसा असतो. हा भरवसा धोक्याचा आहे. सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना खरे आणि यंत्राने बनवलेले चेहरे दाखवले. बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ४८ टक्के भरले, म्हणजे डोळे मिटून उत्तर दिले असते तरी निकाल फारसा बदलला नसता. काय पाहायचे हे शिकवल्यावर ते ५९ टक्क्यांपर्यंत गेले. त्याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष असा, की बनावट चेहरे लोकांना खऱ्या चेहऱ्यांपेक्षा किंचित अधिक विश्वासार्ह वाटले. सहा बोटे, विचित्र कान, न लवणाऱ्या पापण्या अशा खुणा शोधण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. पण आज शिकलेली खूण साधनाच्या पुढच्या आवृत्तीत नाहीशी होते.

बनावट मजकुराचा राजकीय वापर कसा होतो, हे स्लोव्हाकियाने पाहिले. तिथे ३० सप्टेंबर २०२३ रोजी संसदेसाठी मतदान झाले. त्याच्या दोन दिवस आधी प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया या पक्षाचे नेते मिखाल शिमेच्का आणि एक पत्रकार निवडणुकीत घोटाळा करण्याविषयी बोलत असल्याची ध्वनिफीत पसरली. मतदानापूर्वीचे ४८ तास त्या देशात प्रचार आणि त्यावरचे वार्तांकन थांबवण्याचा नियम आहे. फीत बनावट असल्याचे मतदारांपर्यंत पोहोचवायला पुरेसा वेळही नव्हता आणि पुरती मोकळीकही नव्हती. शिमेच्कांचा पक्ष हरला. तो या फितीमुळेच हरला असे म्हणता येत नाही. बनावट मजकुराला सर्वांत जास्त बळ वेळेमुळे मिळते, हे मात्र त्या प्रसंगाने दाखवून दिले.

महाराष्ट्रातही हीच वेळ साधली गेली. विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान होते. आदल्या संध्याकाळी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावावर बिटकॉइनच्या व्यवहारासंबंधीच्या ध्वनिफिती प्रसृत झाल्या. दोघांनीही तो आवाज आपला नसल्याचे सांगितले, आणि तथ्यतपासणी करणाऱ्यांनी फिती तपासून त्यांपैकी बहुतेक कृत्रिम असण्याची शक्यता वर्तवली. तोपर्यंत मतदानाचा दिवस उजाडला होता. त्याच वर्षी लोकसभेच्या प्रचारात अमित शहा यांच्या तेलंगणातील भाषणाची कापाकापी केलेली चित्रफीत फिरली. ती आरक्षण रद्द करण्याविषयी होती आणि तिच्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा संबंध नव्हता. साधी कात्री पुरली. भारतातल्या खोट्या मजकुराचा विचार करताना हे विसरून चालत नाही.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात १ जुलै २०१८ रोजी जे घडले, त्यालाही कोणतेच प्रगत तंत्र लागले नव्हते. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेली होती. मोटारसायकलवरून मूल उचलून नेणारे त्याला परत आणून सोडतात आणि पालकांसाठीचा संदेश दाखवतात, असा तिचा शेवट होता. तो कापला गेला आणि उरलेली फीत पुरावा म्हणून फिरली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. लोकांच्या मनात भीती आधीपासून होती, भटक्या समाजांविषयीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संशयही होता. चित्रफितीने त्या दोन्हींना हाताशी धरले. राईनपाड्याच्या वेळी कुणाला तरी कापण्याजोगी फीत शोधावी लागली होती. आता ती शोधावी लागत नाही. हव्या त्या गावच्या बोलीत, हव्या त्या पेहरावातली माणसे दाखवणारी फीत मागणीबरहुकूम तयार होते, आणि या बदलाचे गांभीर्य अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही.

खोट्याला वेगही मिळतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील तीन संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग त्यात काढला होता. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक आढळली, आणि यात स्वयंचलित खात्यांपेक्षा माणसांचाच हात मोठा होता. नावीन्य आणि आश्चर्य माणसाला थांबू देत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्ता या ओढीला अखंड पुरवठा करते.

निवडणुकांची चर्चा फार होते. स्त्रियांना होणाऱ्या त्रासाची होते त्याहून खूप कमी, आणि हा अन्याय आहे. डीपट्रेस या संस्थेने २०१९ मध्ये इंटरनेटवर सापडलेल्या १४,६७८ डीपफेक चित्रफिती मोजल्या; त्यातल्या ९६ टक्के संमतीविना बनवलेल्या अश्लील चित्रफिती होत्या आणि त्यांत वापरलेले चेहरे स्त्रियांचे होते. पत्रकार राणा अय्युब यांच्याविरुद्ध २०१८ मध्ये हेच हत्यार वापरले गेले. अभिनेत्री रश्मिका मंदानाची बनावट चित्रफीत नोव्हेंबर २०२३ मध्ये पसरली तेव्हा देशभर खळबळ उडाली, पोलिसांनी तपास केला, आरोपीला अटक झाली. महाविद्यालयात शिकणाऱ्या किंवा दुकानात काम करणाऱ्या मुलीच्या वाट्याला अशी तत्परता क्वचित येते. चित्रफीत खोटी आहे हे सिद्ध झाल्यानेही तिची सुटका होत नाही, कारण पाहणाऱ्यांना ती खरी वाटलीच पाहिजे असे नसते; बदनामीला तेवढीही गरज लागत नाही.

पैशांच्या फसवणुकीत पुराव्याची जागा नात्याने आणि अधिकाराने घेतलेली असते. अरूप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने २०२४ च्या सुरुवातीला सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर भामट्यांच्या खात्यांत भरले. त्याला आधी संशय आला होता. पण व्हिडिओ बैठकीत कंपनीचे वित्तप्रमुख आणि ओळखीचे सहकारी दिसले, आणि संशय फिटला. बैठकीत त्याच्याखेरीज एकही माणूस खरा नव्हता. त्याच वर्षी इटलीत फेरारी कंपनीच्या एका अधिकाऱ्याला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या आवाजात फोन आला. आवाज तंतोतंत होता. अधिकाऱ्याने इतकेच विचारले की, काही दिवसांपूर्वी तुम्ही मला कोणते पुस्तक वाचायला सुचवले होते? फोन लगेच बंद झाला. आवाज आणि चेहरा उचलता येतो, दोघांमधली आठवण उचलता येत नाही. फोनवर नातेवाईक असल्याचे भासवून किंवा पोलीस असल्याचे सांगून ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली वृद्धांना लुबाडणाऱ्यांविरुद्धही हाच उपाय घराघरात उपयोगी पडू शकतो: ओळख पटवण्याचा एखादा कौटुंबिक प्रश्न ठरवून ठेवणे, फोन ठेवून आपल्याकडच्या क्रमांकावर परत लावणे, आणि पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करणे.

येथपर्यंतचे नुकसान खोटे खरे मानल्याचे आहे. उलट दिशेचे नुकसान अधिक खोल जाते. रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रॉन या कायद्याच्या अभ्यासकांनी २०१८ च्या सुमारास त्याला ‘लबाडाचा लाभांश’ म्हटले. बनावट सगळीकडे आहे हे लोकांना ठाऊक झाले, की खऱ्या पुराव्यात सापडलेला माणूसही ‘हे यंत्राने बनवले आहे’ म्हणून हात झटकू शकतो. जागरूकता जितकी वाढते तितका हा लाभांश वाढतो.

मध्य आफ्रिकेतील गॅबॉन या देशात याचे टोक दिसले. तिथले अध्यक्ष अली बोंगो ऑक्टोबर २०१८ मध्ये परदेशात असताना आजारी पडले आणि बरेच आठवडे लोकांना दिसले नाहीत. नववर्षाच्या निमित्ताने त्यांच्या भाषणाची चित्रफीत प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांचा चेहरा आणि हालचाली अनैसर्गिक वाटल्या. ती डीपफेक असल्याची चर्चा सुरू झाली, आणि ७ जानेवारी २०१९ रोजी लष्कराच्या एका गटाने उठाव केला. तो फसला. बोंगोंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, आणि चित्रफीत बनावट असल्याचा पुरावा तज्ज्ञांना सापडला नाही. आजाराची माहिती सरकारने दडवली नसती तर संशयाला जागा उरली नसती, हेही तितकेच खरे. तामिळनाडूत एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री पळनीवेल त्यागराजन यांच्या नावावर स्वपक्षीयांवर आरोप करणाऱ्या दोन ध्वनिफिती बाहेर आल्या. त्यांनी त्या यंत्रनिर्मित असल्याचे सांगितले. ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या नियतकालिकाने तज्ज्ञांकडून तपासणी करवून घेतली. एका फितीविषयी ठाम निर्वाळा देता आला नाही, दुसरी मात्र खरी असल्याचे त्यांचे मत पडले. त्यागराजन आपल्या म्हणण्यावर कायम राहिले.

असा संशय सार्वत्रिक झाला, तर त्याची किंमत दुबळ्यांना मोजावी लागते. सत्तेकडे प्रवक्ते असतात, वकील असतात, तज्ज्ञ असतात. सामान्य माणसाकडे असते ती मोबाइलवर टिपलेली क्लिप: दमदाटीची, मारहाणीची, लाच मागितल्याची. गेल्या दोन दशकांत या छोट्या उपकरणाने नागरिकाला जे बळ दिले, ते ‘कशावरून खरे?’ या एका प्रश्नाने काढून घेता येते.

चित्र आणि आवाजानंतर मजकूर. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाले, आणि भाषा लिहिणारी यंत्रे सर्वसामान्यांच्या वापरात आली. प्रचंड मजकूर वाचून, आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येणे संभवते याचा अंदाज बांधणे, हे त्यांचे मूळ काम. संभाव्य वाक्य बऱ्याचदा खरे असते, पण खरेपणा ही त्याची अट नसते. म्हणूनच ही यंत्रे अस्तित्वात नसलेली पुस्तके, तारखा आणि निवाडे तितक्याच ठामपणे सांगतात. न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी यंत्राने रचलेले खटले दाखले म्हणून सादर केले आणि जून २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला. बंगळुरूच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाला डिसेंबर २०२४ मधला आपलाच एक आदेश, अस्तित्वात नसलेले निवाडे त्यात आल्यामुळे, मागे घ्यावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका कंपनीवरील आयकर आकारणी रद्द केली, कारण तिला आधार म्हणून दिलेले निवाडे कुठेच नव्हते. यंत्राने दिलेले तपासल्याशिवाय वापरू नये, असेही न्यायालयाने बजावले. या चुका पकडल्या गेल्या, कारण न्यायालयात समोरचा पक्ष दाखले उघडून पाहतो. औषधाविषयी, पीकविम्याविषयी किंवा एखाद्या सरकारी योजनेविषयी यंत्राला विचारणाऱ्याच्या समोर असा पक्ष नसतो.

बातम्यांच्या बाबतीतही मोजमाप झाले आहे. बीबीसी आणि युरोपीय प्रसारण संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये १८ देशांतील २२ प्रसारण संस्थांच्या मदतीने केलेली पाहणी जाहीर केली. बातम्यांविषयीच्या प्रश्नांना लोकप्रिय यंत्रांनी दिलेल्या उत्तरांपैकी ४५ टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष होता, आणि चुकीचे किंवा अपुरे संदर्भ हे त्यातले सर्वांत मोठे कारण होते. दोष बातमी देणाऱ्या संस्थेच्या नावावर जमा होतो, कारण उत्तरात तिचे नाव असते. शिवाय वाचक उत्तरावरच थांबला तर मूळ बातमीपर्यंत पोहोचत नाही. ती मिळवण्यासाठी वार्ताहर जिथे गेला, त्या प्रवासाचा खर्च मग कोण देणार, हा वर्तमानपत्रांपुढचा खरा प्रश्न आहे.

याच यंत्रांची एक बाजू आशा वाढवणारीही आहे. टॉमस कॉस्टेलो, गॉर्डन पेनीकुक आणि डेव्हिड रँड यांनी २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कटकारस्थानाच्या कथांवर विश्वास ठेवणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांनी भाषायंत्राशी संवाद केला. यंत्राने प्रत्येकाचे नेमके कारण ऐकून त्याला पुराव्यानिशी उत्तर दिले. त्या कथांवरचा विश्वास सरासरी २० टक्क्यांनी घटला आणि दोन महिन्यांनंतरही परिणाम टिकून होता. न चिडता, न थकता, प्रत्येकाला त्याच्या शंकेनुसार समजावणे माणसाला कठीण जाते. यंत्राला जाते असे नाही. परंतु हीच ताकद खोटे पटवून देण्यासाठीही वापरता येते, त्यामुळे यंत्र कुणाच्या हातात आहे आणि त्याला काय सांगितले आहे, यावर सगळे अवलंबून राहते.

उपायांपैकी बनावट ओळखणारी साधने सर्वांत आधी आठवतात, आणि ती सर्वांत कमी भरवशाची आहेत. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फितीचा आकार आणि दर्जा घटतो, तपासायच्या बारीक खुणा त्यात हरवतात. दुसरा मार्ग उगमाची नोंद ठेवण्याचा. ॲडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट आदींनी २०२१ मध्ये स्थापलेल्या गटाने, चित्र कोणत्या उपकरणाने कधी टिपले आणि त्यात काय बदल झाले ही माहिती चित्रासोबतच सांकेतिक स्वाक्षरीसह ठेवण्याचे मानक तयार केले. लायकाने २०२३ मध्ये ते कॅमेऱ्यातच बसवले. गूगलने त्याच वर्षी स्वतःच्या यंत्रांनी बनवलेल्या चित्रांत अदृश्य खूण घालायला सुरुवात केली. तिसरा मार्ग कायद्याचा. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यात यंत्रनिर्मित मजकूर तसा असल्याचे सांगण्याचे बंधन आहे, आणि भारताच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा मजकुरावर ठळक लेबल लावण्याच्या नियमांचा मसुदा जाहीर केला. प्रामाणिक लोक लेबल लावतील. अप्रामाणिकांना त्याने रोखता येणार नाही.

न्यायव्यवस्थेने मात्र या प्रश्नाशी झगडायला फार आधी सुरुवात केली होती. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाले की नंतर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील चित्रीकरणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून दाखल करायची तर ती कोणत्या यंत्रातून कशी काढली याचे प्रमाणपत्र हवे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट कायम आहे, आणि प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे एक अक्षर बदलले तरी बदलणारा तिचा गणिती ठसा, नोंदवावा लागतो. महाराष्ट्राच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची पद्धतही पाहण्यासारखी आहे. तक्रारदाराने आणलेल्या क्लिपवर विसंबून सापळा लावला जात नाही. पंचांसमक्ष, विभागाच्या रेकॉर्डरवर लाचेच्या मागणीची पडताळणी होते, पंचनामा होतो, ध्वनिफीत सीलबंद होते. तिथे विश्वास फितीवर नसतो, ती कुणी, कुठे, कुणासमोर टिपली या साखळीवर असतो. फितीची पत घटत असताना या साखळीचे मोल वाढत जाणार, आणि वार्ताहर, तलाठी, ग्रामसेवक, रुग्णालये अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकाला काही प्रमाणात तिचा अवलंब करावा लागणार.

मराठीची अडचण इथे स्वतंत्रपणे मांडावी लागते. भाषायंत्रांना वाचायला इंग्रजी मजकूर जितका मिळतो त्याच्या तुलनेत मराठी फारच थोडा आहे. परिणामी स्थानिक इतिहास, गावे, माणसे आणि कायदे यांविषयी त्यांची मराठीतली उत्तरे अधिक डळमळीत असतात. तपासणीच्या सोयीही तशाच. भारतातील तथ्यतपासणी संस्थांच्या आघाडीने मार्च २०२४ मध्ये संशयित डीपफेक पाठवण्यासाठी व्हॉट्सॲपवर मदतवाहिनी सुरू केली, ती इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू या चार भाषांत. मराठी बोलणाऱ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेतच आठ कोटींच्या वर होती. विद्यापीठांचे पत्रकारिता विभाग, जिल्हा दैनिके आणि पोलिसांचे सायबर कक्ष एकत्र आले तर अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलींतले आवाजही ओळखू शकणारी तपासणी यंत्रणा मराठीत उभी राहू शकते. तिला लागणारी माणसे आज या संस्थांत आहेत. मतदानाच्या आदल्या रात्री जिल्ह्याच्या ठिकाणी एखादी फीत येऊन धडकते तेव्हा ती कुणाकडे पाठवायची, हे ठरवून ठेवण्याचे काम बाकी आहे.